पायाखालचे पाणी

कारखाना किती काळ टिकेल याचे उत्तर हिशेबाच्या वह्यांत शोधण्याची प्रथा आहे. बंगळूरच्या वायव्येस 1970 नंतरच्या दशकात उभ्या राहिलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्राचा अनुभव असा की, ते उत्तर पुष्कळदा जमिनीखाली असते.

यंत्रांचे सुटे भाग घडविणाऱ्या येथील लहान कारखान्यांच्या जोडीने धातूवर क्रोमियमचा मुलामा देणारे उद्योगही वाढले. मुलामा चढविल्यावर वस्तू पाण्यात धुतात आणि तिला चिकटलेले द्रावण त्या पाण्यात उतरते. असे सांडपाणी जमिनीत मुरले. कर्करोगास कारण होणारे षट्‌संयुजी क्रोमियम या भागातील भूजलात आढळले. ज्या शहराला कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरांवरून चढवून आणावे लागते, तेथे विहीर गमावणे म्हणजे भांडवल गमावणेच होय.

उपाय दुर्बोध नाही. धुण्यासाठी ओळीने तीन टाक्या असाव्यात. वस्तू पहिलीकडून तिसरीकडे जावी, ताजे पाणी तिसरीतून पहिलीकडे यावे. पाणी थोडे लागते, आणि पहिल्या टाकीतील दाट पाणी, मळ काढून, मूळ द्रावणाची घट भरण्यास उपयोगी पडते. टाक्यांचा खर्च लहान कारखानदारास जड वाटतो, हे खरे. परंतु गटारात गेलेले क्रोमियमही त्याने पैसे मोजूनच आणलेले असते.

मात्र भूजलाला कुंपण नसते. एकाच्या निष्काळजीपणाने शेजाऱ्याची विहीर नासते. म्हणून उरलेल्या सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा भार सर्वांनी मिळून उचलणे, हा परोपकार नसून प्रत्येकाच्या धंद्याच्या आयुष्याचा विमा आहे.