बाप्तिस्म्यानंतरचे आयुष्य: श्रम, अडचणी आणि मराठी ख्रिस्ती साहित्य



मराठीतील ख्रिस्ती लेखनाची परंपरा चारशे वर्षांहून जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापले गेले, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 मध्ये अहमदनगरहून निघू लागले आणि बाबा पदमनजी यांनी 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध करून मराठी कादंबरीच्या आरंभकाळातच विधवांच्या दुःखाला वाचा फोडली. या दीर्घ परंपरेत सर्वाधिक लिहिले गेले ते धर्मांतराविषयी. मनातील शंका, ग्रंथवाचन, आप्तांचा विरोध आणि अखेरीस बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा दीक्षासंस्कार, हा क्रम पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राने घालून दिला आणि पुढच्या अनेकांनी तो गिरवला. बाप्तिस्मा मात्र एका दिवसात आटोपतो. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे माणसाला नोकरी, शेती, स्वयंपाकघर, आजारपण आणि उधारी यांतच काढावी लागतात. त्या वर्षांत श्रद्धेचे काय होते, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती साहित्याने पुरेसा हाताळलेला नाही, आणि ज्यांनी तो हाताळला त्यांचेच लेखन धर्माच्या सीमा ओलांडून वाचले जाते, हे या भाषणाचे प्रतिपाद्य आहे.

श्रम आणि श्रद्धा यांचे नाते ख्रिस्ती धर्मात मुळापासून आहे. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रकथनात, त्याच्या गावचे लोक त्याला सुतार म्हणून ओळखतात; प्रेषित पौल उपदेश करीत फिरताना तंबू बनवण्याच्या धंद्यावर पोट भरतो; आणि याकोबाचे पत्र कृतीवाचून असलेल्या श्रद्धेला निर्जीव ठरवते. तरीही मध्ययुगीन युरोपात ‘पाचारण’, म्हणजे देवाने माणसाला विशिष्ट जीवनक्रमासाठी बोलावणे, ही कल्पना मुख्यतः मठवासी आणि धर्मगुरू यांच्यापुरती आक्रसली. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी ती चांभार, लोहार, शेतकरी आणि मोलकरीण यांच्यापर्यंत नेली आणि शेजाऱ्याच्या उपयोगी पडणारे प्रत्येक प्रामाणिक काम ही देवाचीच सेवा होय, असे प्रतिपादिले. कॅथलिक परंपरेत पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 मध्ये परिपत्रके, म्हणजे साऱ्या चर्चला उद्देशून लिहिलेली शिकवणुकीची पत्रे, काढून न्याय्य वेतन आणि श्रमाची प्रतिष्ठा यांची मांडणी केली. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या सावता माळ्याच्या महाराष्ट्राला हा विचार परका नव्हता, आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे मानणाऱ्या कवी नारायण वामन टिळकांना ही जवळीक पुरती ठाऊक होती.

तथापि या विचाराचा खरा कस टिळकांच्या काव्यापेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या गद्यात लागतो. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. पुढे काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. एका घरात नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात, पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा, अशी ती संसाराची तऱ्हा होती. देवाने माणसे निर्माण केली, जाती नव्हेत, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास सुरुवात करून तो अमलात आणला; बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 मधला. श्रद्धेचा निर्णय पाण्याच्या भांड्यापाशी आधी झाला आणि चर्चमध्ये नंतर नोंदला गेला, हे ‘स्मृतिचित्रे’ या 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे वेगळेपण आहे. हाती आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे होणाऱ्या पतीसोबत महिना कसा निभवायचा, पोरक्या मुलांना घरात घेतल्यावर त्यांच्या पोटाची सोय कशी लावायची, या विवंचना त्यांनी विनोदाने सांगितल्या. परंतु टिळकांची उदारता जितकी ठळक, तितकीच त्या उदारतेची किंमत चुलीपाशी कोण मोजत होते हेही त्यांनी लपवले नाही.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत श्रमाचे स्वरूप संस्थात्मक झाले. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत सुरू केलेल्या शारदा सदनातून, म्हणजे विधवांच्या निवासी शाळेतून, पुढे केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली-स्त्रियांनी ते भरून गेले. त्यांना अन्नवस्त्र देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. शेती, विणकाम आणि छापखाना ही कामे त्यांनी स्त्रियांच्या हाती सोपवली आणि अंध मुलींसाठी ब्रेल लिपीच्या शिक्षणाची सोय केली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांमधून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात अंगावर घेतले, बहिरेपण वाढत असताना आणि 1921 मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा हिचा मृत्यू झाल्यावरही ते सोडले नाही, आणि 1922 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर 1924 मध्ये ते मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. देवनागरी मजकुराचे शिशाचे खिळे जुळवणे हे मोठ्या चिकाटीचे काम असते. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांचे असंख्य खिळे निरनिराळ्या खान्यांतून उचलून ओळ उलटी रचावी लागते. दुष्काळातून वाचलेल्या, पूर्वी अक्षरओळखही नसलेल्या बायका जेव्हा असे खिळे जुळवू लागल्या, तेव्हा त्यांच्या हातचे ते काम हीच त्यांच्या श्रद्धेची साक्ष होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

श्रमातून श्रद्धेची साक्ष देण्याची हीच परंपरा स्वातंत्र्योत्तर काळात जामखेडला दिसते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणे हा त्याचा गाभा होता. बाळंतपण, लसीकरण आणि जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजणे ही कामे त्या करू लागल्या. विंधनविहिरी घेताना आरोळ्यांनी त्यांच्या जागा दलित वस्तीत ठरतील अशी तजवीज केली, त्यामुळे सवर्णांना पाण्यासाठी त्या वस्तीत जाणे भाग पडले आणि वर्षानुवर्षांचा विटाळ व्याख्यानाशिवाय सैल झाला. या कार्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

येथे एका धोक्याचा निर्देश आवश्यक आहे. ‘क्रूस वाहणे’, म्हणजे येशूच्या वधस्तंभाचे स्मरण ठेवून इतरांसाठी दुःख स्वीकारणे, ही ख्रिस्ती जीवनातील मध्यवर्ती कल्पना आहे; परंतु प्रवचनांतून ती पुष्कळदा गरिबाला गप्प बसवण्यासाठी वापरली जाते. आजारपण, वियोग आणि वार्धक्य ही दुःखे धीराने सोसावी लागतात. कमी मजुरी, जातीची हेटाळणी आणि हिरावलेले पाणी ही दुःखे सोसण्यासाठी नसून दूर करण्यासाठी असतात. जातीच्या दुःखाचेच उदाहरण घ्या: 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी जोडला गेला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात समाविष्ट केले गेले, ख्रिस्ती दलित मात्र बाहेरच राहिले. आणि चर्चमध्येही जात पूर्णपणे सुटली नाही, हे सत्य त्याहून बोचरे आहे. अन्याय सोसण्याऐवजी दूर करण्याची वाटही आहे: फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’च्या चळवळीत जमीन आणि पाणी यांसाठी उभे राहून दाखवले की धर्मगुरूची प्रार्थना आणि नागरिकाचा प्रतिकार यांत विरोध नाही. 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ते अशा जगण्यातून घडलेल्या लेखकाला मराठी समाजाने दिलेली मान्यता होती.

आजच्या मराठी ख्रिस्ती लेखनाकडे पाहता भक्तिगीते, प्रवचने आणि स्मरणिका यांना तोटा नाही. परंतु मिशन रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, विनाअनुदानित शाळेतला शिक्षक, मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे ख्रिस्ती कुटुंब किंवा वसईत वाडी विकून फ्लॅटमध्ये गेलेला शेतकरी यांचे रविवार सोडून उरलेले सहा दिवस क्वचितच कागदावर येतात. त्या सहा दिवसांत श्रद्धा कधी बळ देते, कधी डळमळते, कधी सवयीपुरती उरते, आणि या तिन्ही अवस्था सारख्याच प्रामाणिकपणे लिहिल्या गेल्या पाहिजेत. म्हणून या संमेलनाला जमलेल्या लेखकांना आणि मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक उपासक-समुदायांच्या, पदाधिकाऱ्यांना आवाहन आहे की प्रत्येक मंडळीने आपल्यातील किमान एका कष्टकरी स्त्रीचे अथवा पुरुषाचे आयुष्य, त्यातील तक्रारी आणि शंका न गाळता, त्यांच्याच बोलीत नोंदवून घ्यावे आणि पुढील संमेलनापूर्वी ते छापून काढावे.