दवाखान्यातली चाकरी

श्रोतेहो, मंदी आली की गिरणी थांबते, दुकान बसते, हे आपण जाणतोच. पण आजार काही मंदी पाहून थांबत नाहीत. तेव्हा दवाखान्यातली चाकरी पक्की, असे वाटायचे. 2020 सालच्या टाळेबंदीत हा समज खोटा ठरला. साथ ऐन जोरात, आणि कित्येक खाजगी इस्पितळांत नेहमीचे रुग्ण येईनात, शस्त्रक्रिया लांबल्या. लगेच परिचारिकांच्या पगाराला कात्री! साथीपुरती घेतलेली कंत्राटी माणसे साथ ओसरताच घरी गेली.

आणि आपली आशाताई? योजना 2005 सालची, पण कागदावर ती ‘स्वयंसेविका’. पगार नाही, बाळंतपण दवाखान्यात झाले, लस टोचली गेली, तर त्या त्या कामाचा मोबदला. साथीत घरोघर ताप मोजत हिंडली ती हीच, बरं का. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे 70 हजार आशांनी संप केला, तेव्हा कुठे महिना हजाराची वाढ अन् पाचशे कोविड भत्ता कबूल झाला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला.

गुरुजी, ती शाळेत आली की मागच्या महिन्याचा मोबदला हातात पडला का, एवढे जरूर विचारा.