दिवाळे : नोंदीतले आणि नोंदीबाहेरचे
(अकोला येथे व्यापारी व नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



जुन्या काळी देणी भागविणे अशक्य झाले की पेढीचा मालक भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे आणि त्यावरून 'दिवाळे' हा शब्द आला, अशी हकीकत सांगतात. व्युत्पत्तीच्या कसोटीला ती उतरते की नाही, ते पंडितांनी ठरवावे. मला तिच्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. बुडाल्याची वार्ता बुडणारा स्वतः देत असे आणि ती लहानमोठ्या सर्व धनकोंना एकाच वेळी कळत असे.

आज त्या दिव्याची जागा २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने घेतली आहे. तिच्याखाली दाखल प्रकरणांत वस्तुनिर्माण उद्योगांचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, त्याखालोखाल स्थावर मालमत्ता, मग बांधकाम आणि घाऊक-किरकोळ व्यापार. हे देशाचे चित्र झाले. वऱ्हाडात ते फारसे उपयोगाचे नाही. ही संहिता आज प्रामुख्याने कंपन्यांना लागू आहे; आपल्याकडील जिनिंग, दालमिल, तेलघाणे हे बहुतांशी भागीदारीचे वा घरचे धंदे. त्यांच्यासाठी अजूनही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच आहे. सहकारी सूतगिरणी मोडली तर सहकार कायद्याखाली अवसायक येतो. म्हणजे धंदा कोणता, यापेक्षा तो कोणत्या कायद्याखाली नोंदलेला आहे, यावर त्याचे दिवाळे मोजले जाणार की नाही ते ठरते!

कापडगिरण्यांची गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. अकोल्याची सावतराम मिल आणि अचलपूरची विदर्भ मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेल्या. आजारी गिरणी सरकारने घेतली म्हणजे ती बरी झाली, असे तेव्हा अनेकांना प्रामाणिकपणे वाटले. पुढे त्याच अचलपुरात फिनले मिल उभी राहिली. २०२० च्या टाळेबंदीत तिचीही यंत्रे थांबली.

जिनिंगचे मरण निराळे. हा हंगामी धंदा. दिवाळीपासून चार महिने रोखीने कापूस घ्यायचा आणि भाव येईल तेव्हा गाठी विकायच्या. मधल्या काळात भाव घसरला की बँकेची कॅशक्रेडिट मर्यादा गळ्याशी येते. २०२२ च्या मे महिन्यात रुईची खंडी लाखावर गेली होती. पुढील वर्षाच्या आरंभी ती साठ-बासष्ट हजारांच्या घरात आली. यात कोणाचा अप्रामाणिकपणा नव्हता.

दालमिलवाल्यांनी असाच फेरा २०१५ मध्ये पाहिला. तूरडाळ किरकोळीत दोनशे रुपये किलो झाली, सरकारने साठ्यावर मर्यादा आणली, आयात वाढली, पेराही वाढला. पुढच्याच हंगामात तूर ५०५० रुपयांच्या हमीभावाखाली विकली गेली. महागात घेतलेला माल ज्यांच्या गोदामात होता, त्यांनी तो सोसला.

मोठ्यांचे मात्र वेगळे असते. अमरावतीजवळच्या नांदगावपेठेतील १३५० मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पाचे साडेसहा हजार कोटींहून अधिक कर्ज २०१९-२० मध्ये ४०५० कोटी रुपयांत एकरकमी मिटविण्यात आले. प्रकल्प वाचला, हे चांगलेच झाले. पण अशी तडजोड मिळवायला कर्जही तेवढेच मोठे असावे लागते, हा विनोद येथील कोणत्याही दालमिलवाल्याला समजावून सांगावा लागत नाही.

आणि ज्याचा माल त्या गोदामात असतो, तो शेतकरी? कंपनी बुडाली तरी तिची मालमत्ता विकून आलेल्या पैशात आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची दोन वर्षांपर्यंतची देणी व तारणधारक बँका, मग अन्य कर्मचारी, बिनतारणी कर्जदाते, सरकार. उधारीवर माल देणारा त्यानंतर. शिवाय मार्च २०२० पासून एक कोटीच्या आतील थकबाकीसाठी नेहमीचा अर्जच करता येत नाही. आणि तो करायचा कोठे? तर मुंबईच्या न्यायाधिकरणात.

पत्रकारितेच्या उमेदीच्या वर्षांत मी एका बंद पडलेल्या जिनिंगच्या फाटकावर गेलो होतो. तीस-चाळीस शेतकरी उभे होते. प्रत्येकाच्या हातात काटापट्टी, घामाने मऊ झालेली. एका आजोबांनी आपली पट्टी मला वाचायला दिली; तारीख, गाडी, वजन, सारे होते, सही मात्र वाचता येत नव्हती. "सायेब, हे कोणाले दाखवू?" त्यांनी विचारले. मी दोन स्तंभांची बातमी दिली. काही दिवसांनी आमच्याच वृत्तपत्रात त्या जिनिंगची ताबा नोटीस आली. बँकेचे येणे पैशापर्यंत छापलेले होते. काटापट्ट्यांचा उल्लेख तिच्यात नव्हता, कायद्याने असण्याचे कारणही नव्हते.