मुरट : मरुभूमीतील एक तृण

तृण म्हटले की हिरवी, लवलवती पाती डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु सहारापासून अरबस्तानामार्गे थेट जैसलमेरच्या वालुकामय मुलखापर्यंत आढळणारे, राजस्थानात मुरट या नावाने परिचित असलेले बहुवर्षायु गवत पाहिले, तर हे वाळक्या काटक्यांचे झुडूपच असावे असा भ्रम व्हावा. मीटरभर उंचीच्या या जाळीला पाने मोजकीच. अवर्षणात तीही वाळतात आणि अन्ननिर्मितीचा भार हिरवट काड्यांवर येऊन पडतो. काडी भरीव, बांबूसारखी कठीण, पेरांशी फुगीर. वाकून वाळूत दबलेल्या पेराला तेथेच मुळे फुटतात.

मला सर्वाधिक विस्मय वाटतो तो या मुळांचा. मूळ हलक्या हाताने उकरून पाहावे, तर त्याच्या सूक्ष्म केसांना वाळूचे कण असे घट्ट बिलगलेले दिसतात की जणू त्याने वाळूचेच म्यान पांघरले आहे. या म्यानामुळे दाहक, कोरड्या जमिनीतही मुळाचा ओलावा टिकतो.

उंटांचा हा आवडता चारा. आपल्या वरीशी हे सगोत्र असून याचे दाणेही खाद्य आहेत. सहारातील तुआरेग लोक ते वेचून दळतात.

या तृणाला शास्त्रीय नाव देणारा फोर्स्कोल, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य, 1763 साली येमेनात हिवतापाने निवर्तला. अरबस्तानच्या मोहिमेतील त्याचा सहप्रवासी नीबूर त्याच वर्षी मुंबई बंदरात उतरला, आणि पुढे 1775 साली त्यानेच आपल्या दिवंगत मित्राचा वनस्पतिग्रंथ छापून प्रसिद्ध केला.