लाडाची नावे



इब्सेनचे ‘डॉल्स हाउस’ हे १८७९ सालचे नॉर्वेजियन नाटक. आपल्याकडे अनंत काणेकरांनी ते ‘घरकुल’ या नावाने आणले. मला आज त्यातील लाडाच्या नावांविषयी बोलायचे आहे.

हेल्मर बायकोला चंडोल म्हणतो, खार म्हणतो. पैसे मागितले की उधळे पाखरू म्हणतो. ऐकायला किती गोड! पण पाखराशी व्यवहाराचे कोण बोलतो? आणि याच नोराने त्याचा जीव वाचविण्यासाठी वडिलांची खोटी सही करून कर्ज काढलेले असते. गंमत अशी, की काही हवे असले म्हणजे तीही स्वतःला खारच म्हणवून घेते. हे वाचताना मी जराशी ओशाळले. ‘घरची लक्ष्मी’ म्हणवून घेऊन मीही साड्या मिळविल्या आहेत. बँकेचे पुस्तक मागितले तेव्हा मात्र ‘लक्ष्मीला कशाला ही कटकट?’ असे उत्तर आले.

सही उघडकीस येताच हेल्मरच्या तोंडची पाखरे उडून जातात. खोटारडी, गुन्हेगार असे शब्द येतात. कर्जरोखा परत मिळाला, धोका टळला, की पुन्हा ती ससाण्याच्या तावडीतून सोडविलेले कबुतर! तेव्हा नोरा त्याला समोर बसविते आणि आपली उपमा आपणच देते. बाहुली! आधी वडिलांची, मग नवऱ्याची. पाखरू निदान जिवंत तरी असते, भगिनींनो. आठ वर्षांच्या संसारात त्या दोघांचे गंभीरपणे बोलणे असे ते पहिलेच.

बँकेचे पुस्तक मी गेल्या महिन्यात पुन्हा मागितले आहे.