आपल्या श्रमाचा दर
(सतरंज्या व गालिचे यांच्या धुलाईविषयी समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या वर्षीच्या मेळाव्यात मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. शिक्षण, संघटना, विवाहातील खर्च या विषयांवर माझ्याहून अधिकारी माणसे या व्यासपीठावर बसली आहेत. मी आधी घाटावर आणि पुढे दुकानात उभा राहिलेला मनुष्य आहे. म्हणून जे माझ्या हाताला ठाऊक आहे त्याविषयीच बोलावे असे मी ठरविले.

आपल्या बीड जिल्ह्यात मंगल कार्यालये, मंडपवाले, दवाखाने, कचेऱ्या आणि साधी घरे यांच्या सतरंज्या, जाजमे व गालिचे धुण्याचे काम आपल्यापैकी अनेक तरुण करू लागले आहेत. त्यांची एकच तक्रार माझ्या कानी येते. "काका, काम येते, पण शिल्लक राहत नाही. गिऱ्हाईक फार घासाघीस करते." या तक्रारीचा विचार आज आपण करू. माझ्या मते दोष गिऱ्हाइकाच्या घासाघिशीत नाही. आपण आपला दर कधी मांडलाच नाही, हा खरा दोष आहे.

पायांखालच्या वस्त्राशी आपला संबंध कालचा नव्हे. विवाहप्रसंगी वधूवरांच्या वाटेवर पायघड्या अंथरण्याचा मान परटाचा असे. बारा बलुतेदारांत आपली गणना होई. वर्षभर गावाचे कपडे धुवावेत आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्य घ्यावे, अशी रीत होती. कोणत्या कपड्याला किती, हे कोणी विचारीत नसे आणि कोणी सांगतही नसे. पीक चांगले आले तर टोपली भरे. पाऊस रुसला तर टोपली आणि तोंड दोन्ही उतरत. त्या व्यवस्थेत उपाशी न मरण्याचा थोडा आधार होता, हे नाकारता येत नाही. परंतु तिने आपले एक मोठे नुकसान केले. स्वतःच्या श्रमाची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगण्याची सवय आपल्या जिभेला लागली नाही. पुढे रोखीचा व्यवहार आला, बलुते सुटले. पण "द्या तुम्हाला काय द्यायचे ते" हे वाक्य मात्र आमच्या तोंडून सुटले नाही.

माझाच एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाच्या दहा सतरंज्या मी धुवायला घेतल्या. प्रत्येक सतरंजी बारा फूट रुंद व पंधरा फूट लांब होती. चालकांनी चौरस फुटाला दोन रुपये देऊ केले. दुसरा कोणी घेऊन जाईल या भीतीने मी होकार दिला. मी, माझी पत्नी आणि थोरला मुलगा असे तिघे दीड दिवस राबलो. रात्री हिशोबाला बसलो तेव्हा पत्नीने विचारले, "काय राहिले?" मी म्हणालो, "सुटले थोडेफार." ती म्हणाली, "मग माझा दीड दिवस तुम्ही कुठे मांडला?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसलो आणि प्रथमच संपूर्ण हिशोब लिहिला. तो आज आपल्यापुढे ठेवतो. आकडे गावागणिक आणि वर्षागणिक बदलतील. आपण केवळ रीत ध्यानात घ्यावी.

दहा सतरंज्या म्हणजे १,८०० चौरस फूट. पाण्याला ६०० रुपये, साबण व सोडा ४०० रुपये, टेम्पोचे जाणे-येणे ८०० रुपये, आणि वीज, यंत्राची झीज व जागा यांचे ४५० रुपये. तीन माणसांचे दीड-दीड दिवस म्हणजे साडेचार दिवस. रोज ५०० रुपये धरले तर २,२५० रुपये. एकूण ४,५०० रुपये. म्हणजे चौरस फुटाला अडीच रुपये हा निव्वळ खर्च झाला. एखादा नग पुन्हा धुवावा लागतो, पावसाळ्यात हात रिकामे बसतात, यंत्र बिघडते. यासाठी आणि थोड्या नफ्यासाठी शेकडा २० धरले तर दर ३ रुपये होतो. मी घेतले दोन, म्हणजे एकंदर ३,६०० रुपये. खर्चाहून ९०० रुपये कमी. हे ९०० रुपये कोणी भरले? टँकरवाल्याने पाणी स्वस्त दिले नाही, टेम्पोवाल्याने भाडे सोडले नाही. ते आमच्या तिघांच्या मजुरीतून गेले. ५०० रुपयांचा रोज ३०० वर आला, आणि त्यातला पत्नीचा वाटा तर मी मोजलाही नव्हता. बंधूंनो, आपल्या धंद्यातील स्वस्ताई बहुतेक वेळा घरातल्या बायामाणसांच्या न मोजलेल्या कष्टांवर उभी असते. ती आपली उदारता नव्हे. दुसऱ्याच्या घामावर दिलेली ती सूट होय.

आता गिऱ्हाइकाकडे पाहू. आपल्या जिल्ह्यातले गिऱ्हाईक हात राखून खर्च करणारे आहे, आणि त्याला कारण आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर पैसा येतो, तोही वर्षाचे देणे भागवून. हजारो कुटुंबे उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. अशा घराने एकेक रुपया मोजून दिला तर नवल काय? आपली आई भाजीच्या पाटीपाशी घासाघीस करते तेव्हा आपण तिला संसारी म्हणतो. गिऱ्हाइकाने तेच केले की त्याला चिक्कू म्हणतो. हे योग्य नव्हे. काटकसरी मनुष्य फुकट मागत नाही. आपला पैसा कशासाठी गेला, हे त्याला कळावयास हवे असते. ते त्याला सांगणे हे आपले काम आहे. माझ्या अनुभवातून काही गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, नगावर दर सांगू नये, माप घ्यावे. लहान-मोठ्या सतरंजीला एकच दर लावला तर एकदा आपण बुडतो आणि एकदा गिऱ्हाईक फसते. लोकरीचा गालिचा, सुती सतरंजी आणि तागाचे अंथरूण यांचे दर निरनिराळे ठेवून ते दुकानाच्या दाराशी फळ्यावर लिहावेत.

दुसरी गोष्ट, दर उतरवू नये, काम उतरवावे. हे मी पुन्हा सांगतो. गिऱ्हाईक म्हणाले "परवडत नाही", तर त्याला रागाने परत पाठवू नये आणि मुकाट्याने होकारही देऊ नये. वरच्याच उदाहरणात कार्यालयाने सतरंज्या स्वतः आणून पोहोचविल्या आणि परत नेल्या, तर टेम्पोचे ८०० रुपये वाचतात आणि दर ३ वरून सुमारे अडीच रुपयांवर येतो. आपली मजुरी मात्र शाबूत राहते. ज्याला तेवढेही नको त्याच्यासाठी केवळ झटकून, बडवून धूळ काढणे व डाग पुसणे, असे हलके काम ठेवावे. म्हणजे पूर्ण धुलाई, आणून-नेऊन धुलाई आणि कोरडी सफाई, अशा तीन पायऱ्या झाल्या. गिऱ्हाइकाने आपल्या खिशाप्रमाणे पायरी निवडावी.

तिसरी गोष्ट, एकट्यादुकट्या लहान नगासाठी किमान आकार ठरवावा. चार फुटांच्या पायपुसण्यासाठी पाच कोस जाऊन आल्यास मापाने येणारे पैसे पेट्रोललाही पुरत नाहीत. गल्लीतल्या चार घरांनी मिळून नग दिले तर हा आकार चौघांत वाटला जाईल, हे त्यांना सांगून पाहावे. लोक आनंदाने एकत्र येतात, असा माझा अनुभव आहे.

चौथी गोष्ट, काम हाती घेण्यापूर्वीच काय होणार नाही ते सांगावे. लग्नाच्या सतरंजीवर हळद सांडलेली असतेच. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि उन्हात टाकला की फिकट होत जातो, हे आपल्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला नाही. ते लाल डाग पाहून घाबरते. ओले पांढरे फडके कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो की नाही ते त्याच्यासमक्ष पाहावे. लोकरीला कडक पाणी आणि तीव्र सोडा चालत नाही, ती आटते. या सर्व गोष्टी माप व दर यांसह एका चिठ्ठीवर लिहून द्याव्यात. आपल्या वाडवडिलांनी बिब्ब्याच्या खुणेवर साऱ्या गावाचे कपडे ओळखले. आपल्याला चिठ्ठी लिहिणे जड वाटू नये.

पाचवी गोष्ट पाण्याची आणि उन्हाची. आपल्या जिल्ह्याचे दुर्दैव असे की, पाणी असते तेव्हा ऊन नसते आणि ऊन असते तेव्हा पाणी नसते. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांनी पाहिला आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात टँकरची वाट तर आपण सर्वांनीच पाहिली. नेमकी लग्नसराई त्याच उन्हाळ्यात येते. म्हणून चैत्र-वैशाखात पाण्याचा खर्च वेगळा दाखवून दर थोडा चढा ठेवावा, आणि त्याचे कारण सांगावे. उलट भाद्रपदाच्या अखेरीपासून दसऱ्यापर्यंत विहिरींना पाणी असते, ऊनही पडू लागते. घरोघर दसरा काढण्याची, वाकळा-गोधड्या धुण्याची लगबग असते. त्या दिवसांत घरगुती नगांचा दर कमी ठेवणे आपल्यालाही परवडते, आणि ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाचे अंथरूण स्वच्छ होऊन त्याच्याबरोबर जाते.

खर्च कमी करावयाचा असेल तर तो मजुरीत नव्हे, पाण्यात करावा. गालिच्यातील मळाचा मोठा भाग म्हणजे कोरडी धूळ. ती आधी नीट झटकून काढली तर पाणी आणि साबण दोन्ही कमी लागतात. तशीच भिजवली तर तिचा चिखल होतो आणि चार पाणी जास्त खर्ची पडते. एका सतरंजीचे शेवटचे स्वच्छ पाणी दुसरीच्या पहिल्या भिजवणीला वापरावे. अशी वाचवलेली बादली ही खरी सूट. ती गिऱ्हाइकाला निःसंकोच द्यावी.

कर्जाविषयीही एक शब्द बोलणे अवश्य आहे. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये आपल्या व्यवसायाचाही समावेश आहे. तीत पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्जाची तरतूद आहे. यंत्रासाठी तरुणांनी या योजनेचा अवश्य विचार करावा. परंतु हप्ता दर महिन्याला भरावयाचा असतो; तो आपल्या दरात धरलेला नसेल, तर यंत्र आपल्यासाठी नव्हे, आपण यंत्रासाठी राबू. आपल्याच समाजात जन्मलेले गाडगे महाराज १९५६ मध्ये निवर्तले. गावात पोहोचताच ते आधी झाडू हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. आणि त्या कीर्तनात कर्ज काढू नका, असे कळवळून सांगत. हिशोब न ठेवणाऱ्याच्या घरात कर्ज दार न ठोठावता शिरते.

शेवटी एकमेकांविषयी. आपलाच बांधव तीन रुपये सांगून गेला हे कळताच मागून जाऊन दोन रुपये सांगणारे आपल्यात आहेत. मीही एकदा त्यांच्यातलाच होतो, हे आताच कबूल केले. सर्वांचा दर एक असावा असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या दाराशी विहीर आहे त्याचा दर कमी असेल, आणि तो असावा. परंतु हिशोबाची रीत सर्वांची एक असावी, आणि त्या हिशोबात घरातल्या प्रत्येक राबणाऱ्या हाताचा रोज लिहिलेला असावा. मग ज्याचा दर कमी येईल तो कौशल्याने कमी आला असे होईल. कोणाचे पोट मारून नव्हे.

माझ्या त्या कार्यालयाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. पुढच्या खेपेला मी हाच कागद घेऊन चालकांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "टेम्पो आमचा आहे, तो आम्ही पाठवू." अडीच रुपयांत व्यवहार ठरला. त्यांचे पैसे वाचले आणि आमचा रोज पूर्ण निघाला. त्या रात्री पत्नीचे दीड दिवसाचे साडेसातशे रुपये मी वेगळे काढून तिच्या हाती दिले. तिने ते मोजून घेतले.

 घरी गेल्यावर आज रात्रीच एक कोरा कागद घ्यावा आणि आपल्या शेवटच्या कामाचा हिशोब घरच्या मंडळींसह लिहून काढावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.