वाऱ्यावरची वीज

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. विजेवर बोलायचे म्हणजे धिटाईच. पण भाऊबिजेला माहेरी, साक्री तालुक्यात, गेले होते, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

तिकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे रानच उभे आहे. सगळ्या मिळून पाचशे मेगावॉटच्या वर. आपल्या एकलहऱ्याचे तीन संच मिळून ६३०. कोळसा नाही, राख नाही! मी विचारले, "मग साऱ्या देशाचे यावर का भागू नये?" भाऊ हसून म्हणाला, "ताई, वर बघ." साऱ्या चक्क्या उभ्या. आषाढात याच गरगरत होत्या.

खळ्यावर उपणताना वारा पडला की पाटी खाली ठेवून बसायचे, तसेच हे. भाच्याने समजावले, वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर वीज निम्मी नव्हे, आठवा हिस्सा होते. जोराचा वारा जून ते सप्टेंबर, आणि आपले पंखे फिरतात चैत्र-वैशाखात! शिवाय वीज काही ज्वारीसारखी कणगीत भरता येत नाही. भंडारदऱ्याजवळ घाटघरला जादा विजेने पाणी वरच्या तलावात चढवतात आणि गरजेला खाली सोडून २५० मेगावॉट करतात. अशा कणग्या पुष्कळ हव्यात, आणि त्यांना पैसा लागतो.

२०२५ साली देशातल्या पवनचक्क्या ५०,००० मेगावॉटवर गेल्या, तरी एकूण विजेत वाऱ्याचा वाटा शंभरात पाचाच्या आसपासच. डेन्मार्क निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यावर करतो. पण वारा पडला की साखरेची वाटी मागावी तशी नॉर्वे-स्वीडनकडून उसनी घेतो. आपण एवढी मोठी वाटी कोणाकडे मागणार? मला वाटते, एकट्या वाऱ्यावर देश चालायचा नाही. पण पावसाळ्यात ऊन झाकते तेव्हाच वारा सुटतो, म्हणून दोघांची जोडी मात्र जमेल.

त्या रात्री शेताच्या विजेची पाळी बाराची होती. भाऊ बॅटरी घेऊन कांद्याला पाणी द्यायला गेला. सापाच्या भीतीने भावजय दारात जागी. ती म्हणाली, "वन्सं, डोंगर आमचा, चक्क्या आमच्या उशाशी, आणि वीज कुठे जाते हो?" मी शहाणपणाने सांगितले, की मोठ्या तारांत मिसळली की विजेवर गावाचे नाव राहत नाही.

"असेल," ती म्हणाली, "पण दिवसाची पाळी का नाही?"

मला उत्तर आले नाही. भाऊ साडेचारला परतला, पाय चिखलाने माखलेले. आम्ही चहाचे आधण ठेवूनच बसलो होतो.